इंग्रजीच्या पाठाचं टाचण कसं लिहावं: सराव पाठाला निघालेल्या छात्राध्यापकांसाठी

आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सुरू झाली की नाशिकमध्ये सकाळी शाळेच्या फाटकाशी छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, लगेच ओळखू येतात. एका हातात गुंडाळलेले तक्ते, दुसऱ्या हातात पाठाचं लेखी नियोजन असलेली, कव्हर घातलेली टाचण वही. मी बरीच वर्षं या वह्या बघते आहे. अक्षर नेटकं असतं, रकाने भरलेले असतात, उद्दिष्टांखाली रेघा मारलेल्या असतात. एक गोष्ट मात्र शोधत बसावी लागते आणि बहुतेक वह्यांत ती सापडत नाही: तासिका संपेपर्यंत वर्गातलं मूल इंग्रजीत नेमकं कोणतं वाक्य बोलणार आहे?

टाचणाची सुरुवात त्या वाक्यापासून करा, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. साहित्य, प्रश्न, फळा, वेळेची वाटणी हे सगळं त्या वाक्याच्या मागून येतं. ते कसं, हे एकच पाठ हाती धरून दाखवते. इयत्ता सहावी, मराठी माध्यम, पट पंचेचाळीस, तासिका 35 मिनिटांची. उपघटक: हाऊ मच आणि हाऊ मेनी.

वहीच्या आधी वर्ग

महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे सहावीतलं मूल पाच वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळून तुमच्यासमोर बसलेलं असतं. तरीही टाचणातला ‘पूर्वज्ञान’ हा रकाना आपण अंदाजानं भरतो. ‘विद्यार्थ्यांना फळे व भाज्यांची नावे माहीत आहेत’ असं लिहिताना ते कुणाला विचारलेलं असतं?

पाठाच्या आधी निदान एक तासिका शेवटच्या बाकावर बसून काढा. बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारला की किती हात वर जातात आणि ते दर वेळी त्याच पाच-सहा मुलांचे असतात का, हे बघा. मुलं पूर्ण वाक्यात उत्तर देतात की एका शब्दात, हे टिपा. मधल्या सुट्टीत दोन-चार मुलांशी गप्पा मारून घरी कोणती भाषा बोलतात तेही विचारा. नाशिक जिल्ह्यात हे विचारण्याला फार अर्थ आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलाच्या घरी कोकणा असेल, कळवण-सटाण्याकडच्या मुलाच्या घरी अहिराणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आसपास हिंदी किंवा भोजपुरी. त्या मुलाला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. त्याच्यासाठी मराठीतलं स्पष्टीकरण आपल्याला वाटतं तितकं सोपं नसतं. त्याला वस्तू आणि कृतीचाच आधार जास्त होतो.

या एका तासिकेत टिपलेल्या पाच-सहा ओळी म्हणजे तुमचं खरं पूर्वज्ञान.

उद्दिष्ट: जे कानाला ऐकू येईल

‘विद्यार्थ्यांना हाऊ मच व हाऊ मेनी यांतील फरक समजतो.’ हे वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलं आहे. समजणं डोळ्यांना दिसत नाही. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या 1956 च्या वर्गीकरणाची 2001 मध्ये सुधारित मांडणी झाली, तेव्हा पायऱ्यांची नावं नामांऐवजी क्रियापदांत मांडली गेली. तुमच्या उद्दिष्टातही क्रियापदच बोलू द्या, आणि ते असं निवडा की मागे बसलेल्या निरीक्षकाला ते घडताना बघता येईल.

आपल्या पाठासाठी मी असं लिहीन: ‘विद्यार्थी बाजारातील खरेदीच्या संवादात आठपैकी किमान सहा वस्तूंबद्दल हाऊ मच किंवा हाऊ मेनी यांपैकी योग्य शब्द वापरून प्रश्न विचारतो.’ खाली ते वाक्य उतरवून ठेवीन: हाऊ मेनी अनियन्स डू यू वाँट? हाऊ मच शुगर डू यू वाँट?

उद्दिष्टं दोनच ठेवा. सहा-सहा उद्दिष्टं लिहिलेला पाठ 35 मिनिटांत बसत नाही, आणि दोन ठेवली म्हणून कोणी गुण कापत असेल तर नम्रपणे पण ठामपणे कारण सांगा.

‘किती’ची उकल

टाचणातला हा भाग छापील नमुन्यात बहुधा नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. वाक्य ठरलं की स्वतःला विचारायचं: आपल्या मुलांना हे वाक्य कुठे अडेल? आपण मराठीत वाढलो आहोत, त्यामुळे याचं उत्तर परक्या माणसापेक्षा आपल्यालाच जास्त नेमकं देता येतं.

मराठीत ‘किती’ एकच आहे. किती कांदे, किती साखर, किती पैसे, किती वाजले, किती लांब, वय किती. इंग्रजी या एका शब्दाचे तुकडे करते. म्हणजे आपलं मूल दोन नवे शब्द शिकत नसतं. आजवर एक असलेली गोष्ट दोन ठिकाणी वाटायला शिकत असतं. अडचण इथे आहे आणि ती मुलाच्या आळसाची नाही.

आता नेहमीचा नियम घ्या: मोजता येणाऱ्या वस्तूंना मेनी, न येणाऱ्यांना मच. माझ्या पहिल्या सराव पाठात मी हाच नियम फळ्यावर लिहिला होता. ‘मनी’ हा शब्द ‘मच’च्या खाली लिहिला, तशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर भाजी विकायची. ती म्हणाली, “बाई, पैसे तर माझी आई मोजूनच घेते.” मी ‘तो अपवाद आहे’ असं सांगून पुढे गेले. मुलगी खाली बसली आणि पुढच्या तासभर काही बोलली नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, माझं उत्तर चूक होतं. तो अपवाद नाहीच.

तिला जे सांगायला हवं होतं ते हे. दूध मोजता येतं, पण मोजायला लिटर लागतो. तांदूळ मोजता येतो, पण मोजायला किलो लागतो. लासलगावच्या बाजार समितीत कांदा मोजतात, तो क्विंटलात. दुधाबद्दल विचारायचं तर हाऊ मच मिल्क. लिटरबद्दल विचारायचं तर हाऊ मेनी लिटर्स ऑफ मिल्क. पैसा हा त्या दुधासारखा, रुपया त्या लिटरसारखा. म्हणून हाऊ मच मनी, पण हाऊ मेनी रुपीज. मापाशिवाय मोजता न येणाऱ्या वस्तूला मच, मापाला मेनी. बाजारात वाढलेल्या मुलाला हे ‘काउंटेबल-अनकाउंटेबल’ या शब्दांपेक्षा पटकन कळतं, कारण माप त्याच्या हातातलं असतं.

नाशिकच्या मुलांसाठी तर उदाहरणं रस्त्यावरच पडली आहेत. द्राक्षांचे घड, टोमॅटोचे कॅरेट, कांद्याच्या गोण्या. हाऊ मेनी बंचेस, हाऊ मेनी क्रेट्स, हाऊ मेनी बॅग्ज. पाठ्यपुस्तकात सफरचंद आणि ब्रेड असेल तर असू द्या. सरावात आपला बाजार आणा.

आणखी एक खाच. ‘तांदूळ निवडले’, ‘केस कापले’ असं आपण अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीत राइस आणि हेअर एकवचनात चालतात. मराठीच्या सवयीनं मूल हाऊ मेनी राइस म्हणणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं. याला नियम सांगत बसू नका. हे दोन शब्द आजच्या यादीत मुद्दाम घाला आणि दहादा कानावर पडू द्या.

प्रश्नाच्या रचनेतही अडचण आहे. ‘तुला किती साखर हवी?’ यात डू सारखं काहीच नाही, म्हणून मूल ‘हाऊ मच शुगर यू वाँट?’ म्हणेल. ‘डू यू वाँट’ हा तुकडा व्याकरण न सांगता एका दमात म्हणायला शिकवा, एखाद्या लांब शब्दासारखा. व्याकरण नंतरच्या पाठात येईलच.

मग उच्चार. आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी सामावतात. वाँट म्हणताना ओठांचा चंबू, व्हेजिटेबल म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. एकदा तोंडासमोर करून दाखवा, मुलांना शेजाऱ्याच्या ओठांकडे बघायला सांगा, पुरे. स्पेलिंगकडे बघून मुलं ‘ओनियन’ म्हणतात. उच्चार अन्-यन असा आहे, म्हणून शब्द आधी ऐकवा आणि मगच लिहून दाखवा.

एवढं सगळं टाचणात ‘संभाव्य अडचणी आणि उपाय’ अशा शीर्षकाखाली अर्ध्या पानात मावतं. नमुन्यात रकाना नसेल तर डाव्या कोऱ्या पानावर लिहा.

छापील नमुन्यात भाषेचा पाठ बसवणं

प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन. आपल्या महाविद्यालयांतल्या नमुन्यांमागे जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (1776–1841) याच्या विचारांवरून तयार झालेली पंचपदी, म्हणजे पाच पायऱ्यांची पद्धत आहे. नवी माहिती जुन्या माहितीला कशी जोडावी, याचा तो उत्तम आराखडा आहे. पण भाषा ही माहितीपेक्षा पोहण्यासारखी. पाण्यात उतरावंच लागतं. विषयविवेचनाचा रकाना मोठा आणि उपयोजनाचा छोटा असला की पाठही तसाच होतो: शिक्षक वीस मिनिटं बोलतो, मुलं तीन.

नमुना बदलणं तुमच्या हातात नसतं. विषयविवेचनाचा रकाना मात्र आडव्या रेघा मारून तीन भागांत तोडता येतो: ऐकणं, साचा धरून बोलणं, साचा सोडून बोलणं. आपला पाठ मी असा वाटीन.

पहिली चार मिनिटं: पिशवी उघडायची. कांदे, बटाटे, अंडी (उकडलेली आणा, कच्ची आणू नका), पाण्याची बाटली, साखरेची पुडी, मूठभर तांदूळ. मुलं नावं सांगतात. हेतुकथन एका वाक्याचं: टुडे वी आर गोइंग टू द मार्केट.

पुढची आठ मिनिटं ऐकण्याची. तुम्ही दुकानदार, आणि आधी तयार केलेला एक मुलगा गिऱ्हाईक. संवाद दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना मुलांनी मच ऐकू आलं की डावा हात आणि मेनी ऐकू आलं की उजवा हात वर करायचा. अजून कोणी बोललेलं नाही, तरी पंचेचाळीस मुलांपैकी कुणाला कळलं आणि कोण शेजाऱ्याचं बघून हात वर करतंय, हे तुम्हाला समोर दिसतं.

मग दहा मिनिटं धरून बोलण्याची. फळ्यावर वाक्याचा साचा, हातात शब्दपट्टी. आधी सगळा वर्ग, मग एकेक ओळ, मग बाकावरची जोडी. चूक झाली तर लगेच, हळू आवाजात, बरोबर वाक्य ऐकवून दुरुस्त करायची.

त्यानंतर नऊ मिनिटांचा बाजार. प्रत्येक बाकावर एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर काय आणि किती घ्यायचं ते लिहिलेलं. दुकानदाराकडे कोरा तक्ता, तो विचारून विचारून भरायचा. दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या बघायच्या नाहीत, आणि या खेळाचा प्राण एवढ्याच अटीत आहे. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न मूल मनापासून विचारत नाही. इथे विचारल्याशिवाय तक्ता भरत नाही, म्हणून ते विचारतं. या नऊ मिनिटांत मध्ये पडून चुका दुरुस्त करायच्या नाहीत. वर्गात फिरा, ऐका, चुका कागदावर टिपा. गलका होईल. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि थांबण्याची खूण ठरवा: मी हात वर केला की सगळे गप्प.

शेवटची चार मिनिटं: प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहून जाताना टेबलावर ठेवायचे. हेच तुमचं मूल्यमापन.

तुमची स्वतःची वाक्यं

शिक्षककृतीच्या रकान्यात ‘शिक्षक सूचना देतात’ असं लिहू नका. ती सूचना शब्दशः इंग्रजीत लिहा, कारण पंचेचाळीस जोड डोळे समोर असताना ती ऐन वेळी सुचत नाही. एका वाक्यात एकच काम: टर्न टू युअर पार्टनर. टेक वन स्लिप. डोंट शो इट. सूचना देऊन झाल्यावर ‘अंडरस्टुड?’ विचारू नका. सगळी मुलं ‘येस मॅडम’ म्हणतातच. त्याऐवजी पुढच्या एका जोडीकडून सगळ्यांसमोर करून घ्या.

वर्गात मराठी बोलायची की नाही, यावर वाद बराच होतो. माझं मत असं: ‘किती’ची उकल मराठीत दोन मिनिटांत होत असेल तर ती मराठीतच करा. पण प्रत्येक इंग्रजी वाक्यापाठोपाठ त्याचं भाषांतर म्हणू नका. तसं केलं की मुलं इंग्रजी ऐकणं सोडून देतात आणि मराठीची वाट बघत बसतात.

एक सुंदर प्रश्न या पाठात हमखास येतो: दुकानदार काकांना ‘यू’ कसं म्हणायचं, ते तर मोठे आहेत? यू मध्ये तू, तुम्ही आणि आपण तिन्ही आहेत. आदर प्लीज, सर आणि आवाजातून दिसतो, हे सांगायला एक मिनिट राखून ठेवा.

फळा आणि साहित्य

टाचणाच्या पानावर फळ्याचा चौकोन काढून त्याचे तीन उभे भाग करा. डावीकडे तारीख, घटक आणि नवे शब्द. मधे वाक्याचा साचा, जो शेवटपर्यंत पुसायचा नाही. उजवीकडे येईल तसं लिहायची जागा. शेवटच्या बाकावर बसून वाचता येईल एवढं अक्षर काढा. साहित्यासाठी शेकडो रुपयांचे रंगीत तक्ते नकोत. घरातली पिशवी आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या शब्दपट्ट्या या पाठाला पुरतात.

आरसा नको, मैत्रीण हवी

पाठ एकदा मोठ्यानं घेऊन बघा, पण आरशासमोर नको. आरसा उलट प्रश्न विचारत नाही. सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे मोजक्या जणांसमोर काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन सराव करण्याची कल्पना 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आली. आपल्याकडे रुळलेलं चक्र 36 मिनिटांचं आहे: अध्यापन 6, प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय) 6, पुनर्नियोजन 12, पुन्हा अध्यापन 6, पुन्हा प्रत्याभरण 6. यात सगळ्यात मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आहे, आणि महाविद्यालयात घाई झाली की नेमका तोच गाळला जातो. मैत्रिणीला सहावीतली मुलगी होऊन मुद्दाम हाऊ मेनी राइस म्हणायला सांगा. तुम्ही काय उत्तर देता ते बघा आणि त्या बारा मिनिटांत टाचण खरोखर खोडा. खाडाखोड झालेलं पान लपवू नका.

गद्य, कविता आणि दोन वर्ग

गद्य पाठाला नवे शब्द पाच-सहाच निवडा, ज्यांच्यावाचून गोष्ट अडते तेवढेच. वाचायला सांगण्यापूर्वी एक प्रश्न द्या, म्हणजे मुलं काहीतरी शोधत वाचतील. कवितेत शब्दार्थ सगळ्यात शेवटी. आधी दोनदा नुसती ऐकवा, ताल धरू द्या.

त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या वाड्यापाड्यांवर एकाच खोलीत दोन इयत्ता असतात. तिथे टाचणाचं पान उभं दुभागा: एक इयत्ता बोलत असेल त्या मिनिटांत दुसरीला लिहायचं किंवा चित्र काढायचं काम. बाजाराचा खेळ तिथे जास्तच रंगतो. मोठी मुलं दुकानदार, लहान गिऱ्हाइकं.

पाठ झाल्यावर

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत आणि त्यात अध्यापनाच्या तयारीचे तासही मोजले आहेत. म्हणजे तयारी हे नोकरीचंच काम आहे, आणि तिचा एक भाग पाठ संपल्यावर सुरू होतो.

त्याच दिवशी, जमलं तर शाळेच्या पायरीवर बसूनच, मुलांच्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: दोन्ही प्रश्न बरोबर, एक बरोबर, दोन्ही चूक. आकडे टाचणाखाली लिहा. मग वेगळ्या शाईनं दोन ओळी: कुठे वेळ कमी पडला आणि कोणती चूक तुम्ही अंदाजात धरलीच नव्हती. निरीक्षकांचा शेरा त्याखाली येऊ द्या. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांची नावं पुढच्या टाचणाच्या ‘पूर्वज्ञान’ रकान्यात घाला आणि उद्याच्या पाठाची पहिली पाच मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा. माझ्या त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीसाठी मी दुसऱ्या दिवशी दुधाचं माप घेऊन गेले होते. हाऊ मेनी रुपीज हे तिनंच आधी म्हटलं.